कोळशाची चित्रे चंद्रपूरलाही हवीत

कलामेळ्यात दालनांना जागेचे भाडे, वाहतूक, विमा असा मोठा खर्च सोसावा लागतो. तो भरून काढायचा तर हमखास खपणारी नावेच भिंतीवर लावण्याचा मोह होणारच. म्हणून २००९ मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या ‘एक्सपेरिमेंटर’ या कलादालनाने प्रभाकर पाचपुते यांच्यासारख्या कलावंताची साथ धरली, याचे मोल मोठे आहे.

पाचपुते मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातील सास्तीचे. त्यांच्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या कोळसा खाणीत घाम गाळला. चारकोलने, म्हणजे चित्रकलेच्या कोळशाने, ते खाणकामगार, पोखरलेली जमीन आणि तिच्यावरून उठलेला शेतकरी रेखाटतात, कित्येकदा थेट भिंतीवर. प्रदर्शन संपले की असे चित्र पुसले जाते. ते विकत घेऊन दिवाणखान्यात टांगायचे कसे? तरीही हे काम २०१४ मध्ये साओ पावलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पोहोचले. २०२१ मध्ये वेल्समधील ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार सहा जणांना विभागून देण्यात आला, त्यांत पाचपुते होते.

दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर २००८ पासून, मुंबईचा ‘आर्ट मुंबई’ २०२३ पासून भरतो आहे. संग्राहक तिथे येतात, यावेत. पण ज्या खाणींनी या चित्रांना विषय दिला, तिथल्या माणसांसाठी दिल्ली-मुंबई दूर आहे. सांस्कृतिक कार्य विभागाने कलावंत आणि दालनाशी बोलून चंद्रपुरात पाचपुते यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवावे, प्रवेश विनामूल्य ठेवावा आणि राजुरा, बल्लारपूरच्या शाळकरी मुलांसाठी एसटीच्या गाड्या सोडाव्यात.