दिसली गोगलगाय की टाक मीठ!

पाऊस सुरू झाला की आमच्या कर्जत-खालापूर भागातल्या बंगल्यांतून आणि फार्महाऊसमधून मिठाच्या पिशव्या बाहेर निघतात. दिसली गोगलगाय की टाक मीठ! मला हे मुळीच पटत नाही. आज जरा स्पष्टच लिहितो.

"त्या आफ्रिकन गोगलगायी पीक खातात, ठाऊक नाही का?" असे मला ऐकवले जाते. ठाऊक आहे. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रजाने त्या मॉरिशसहून आणून कलकत्त्यात सोडल्या. २०२२ साली लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबादेत त्यांनी कोवळे सोयाबीन फस्त केले. त्यांचा बंदोबस्त हवाच. पण त्या दूरवर पसरतात त्या माणसाच्या मदतीने, रोपांबरोबर आणि कुंडीतल्या मातीत दडलेल्या अंड्यांतून. आणि ट्रक भरभरून रोपे कोण आणवते? मीठ टाकणारेच!

शिवाय शिक्षा सरसकट का? आफ्रिकन गोगलगायीचा शंख लांबट, निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा. पिल्लू लहान असले तरी घाट तोच. आपल्याकडच्या बऱ्याच गोगलगायी चपट्या वेटोळ्याच्या, लहानशा. कुजका पाला, बुरशी, शेवाळ खाऊन त्या मातीचेच काम करतात.

मृदुकाय म्हटले की आपल्याला तिसऱ्या, कालवे आणि माकुल आठवतात, म्हणजे अलिबागकडचा मामला! पण हा संघ जातींच्या संख्येत संधिपादांच्या खालोखाल, आणि त्यातले कितीतरी जीव डोंगरात राहतात. सह्याद्रीत अॅरिओफॅन्टा नावाची गोगलगाय आहे. देवघरातला दुर्मिळ दक्षिणावर्ती शंख ज्या दिशेने वळतो, त्याच दिशेने तिचा शंख वळतो. त्या शंखाला हजारो रुपये, हिला मूठभर मीठ!

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपण आतल्या गाठीच्या माणसाला लावतो. प्राणिशास्त्रात या वर्गाचे नावच 'उदरपाद', पोटाचाच पाय असलेला. म्हणीतले निरीक्षण पक्के, बदनामी मात्र फुकटची.

आणि काजवे? मे-जूनमध्ये कोंदिवड्याच्या वाटेने राजमाचीला काजवे बघायला गर्दी लोटते. काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात जाते. ही अळी गोगलगायीला चावून बधिर करते आणि खाते. गोगलगायी संपवायच्या आणि वर काजवे कमी झाले म्हणून हळहळायचे, हा कुठला न्याय?

तेव्हा मंडळी, नवी कुंडी आली की माती तपासा. संध्याकाळी ओले गोणपाट पसरा, सकाळी हातमोजे घालून खालच्या आफ्रिकन गोगलगायी तेवढ्या वेचा, साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका आणि मग पुरा. हातमोजे विसरू नका, त्यांच्यातून मेंदूला सूज आणणारा जंत माणसात येऊ शकतो. बाकीच्या गोगलगायींना त्यांच्या वाटेने जाऊ द्या. जमिनीवर मीठ टाकले तर झाडांची मुळेही जळतात.

एवढी मेहनत नको असेल तर निदान मिठाची पुडी स्वयंपाकघरात ठेवा. तिची जागा तीच आहे.