सनद कोणासाठी?

युद्ध पेटले की प्रत्येक राष्ट्राला जगाची काळजी वाटू लागते. तोफा धडधडत असतानाच नव्या जगाचे आराखडे आखले जातात, आणि प्रत्येक आराखड्यात जगाचा मध्यबिंदू आखणाऱ्याच्याच राजधानीत असतो. हा आरोप कठोर वाटेल. म्हणून आम्ही इतिहासाचीच साक्ष काढतो.

१४ ऑगस्ट १९४१ रोजी रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. कोणत्या राज्यपद्धतीखाली राहावे हे ठरविण्याचा सर्व लोकांचा हक्क तिच्या तिसऱ्या कलमाने मान्य केला. महिना उलटण्यापूर्वीच, ९ सप्टेंबरला, चर्चिल यांनी संसदेत खुलासा केला, की हे कलम मुख्यत्वे नाझी टाचेखालच्या युरोपीय राष्ट्रांसाठी आहे. रूझवेल्ट यांनी मात्र फेब्रुवारी १९४२ मध्ये सांगितले, की सनद साऱ्या जगाला लागू आहे. रशियानेही सनदेला होकार दिला; पण १९४० मध्ये गिळलेली बाल्टिक राष्ट्रे सोडली नाहीत. तिकडे आशियाच्या मुक्तीची द्वाही फिरविणाऱ्या जपानने कोरियाला १९१० पासून दास्यात ठेवले होते.

आणि ज्यांना या आराखड्यांत स्थानच नव्हते, ते काय म्हणत होते? ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँकवर संमत झालेल्या ‘छोडो भारत’ ठरावात स्वतंत्र राष्ट्रांच्या जागतिक संघराज्याची मागणी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मागणारे नेते गजाआड झाले!

व्यवहारचतुर मंडळी म्हणतील, बलाढ्यांना झुकते माप दिल्यावाचून जागतिक संघटना टिकत नाही; अमेरिकेवाचून राष्ट्रसंघाचे काय झाले ते पाहा. हे आम्हांला मान्य आहे. परंतु बलाढ्याला घरात घेणे निराळे आणि त्याला स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश नेमणे निराळे. १९४५ च्या सनदेने पाच राष्ट्रांना नकाराधिकार दिला. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आपल्याच आक्रमणाविरुद्धचा ठराव त्याच अधिकाराने पाडला. ८ डिसेंबर २०२३ रोजी गाझातील युद्धबंदीचा ठराव अमेरिकेने आपल्या मित्रासाठी पाडला.

वादातील पक्षाने मतदान करू नये, हे तत्त्व त्याच सनदेच्या २७ व्या कलमात आहे. पण ते केवळ शांततेच्या मार्गाने वाद मिटविण्याच्या निर्णयांपुरते. ते आक्रमणाविषयीच्या प्रत्येक ठरावाला लागू करावे, ही आमची मागणी आहे.

शेवटी आमच्या घरचे. २५ फेब्रुवारीच्या त्या मतदानात भारत तटस्थ राहिला. राष्ट्रहिताची कारणे सांगितली जातील. ती १९४१ मध्ये चर्चिल यांच्यापाशीही होती. ‘सनद कोणासाठी?’ असा सवाल आम्ही एकदा जगाला केला होता. आता युक्रेन तोच सवाल आम्हांला करीत आहे, आणि आम्ही तटस्थ आहोत.