रशियन आरमाराचं दुखणं गोदीत आहे

‘मॉस्क्वा’ ही क्षेपणास्त्रवाहू युद्धनौका १४ एप्रिल २०२२ रोजी काळ्या समुद्रात बुडाली आणि ‘रशिया हा मुळात जमिनीवरचा देश, समुद्र त्याला कधी मानवलाच नाही’ हे जुनं मत पुन्हा डोकं वर काढू लागलं. दाखल्याला त्सुशिमाची लढाई असतेच. १९०५ साली अर्ध्या जगाला वळसा घालून आलेला बाल्टिक ताफा जपानच्या अ‍ॅडमिरल तोगोने दोन दिवसांत धुळीला मिळवला.

हे मत मला साफ चुकीचं वाटतं. १७७० मध्ये याच बाल्टिकमधून निघालेल्या रशियन ताफ्याने सगळ्या युरोपला वळसा घालून चेश्मेच्या खाडीत तुर्की आरमार जाळलं होतं. माणसं रशियनच, समुद्रही परकाच. मग फरक कशात? त्या वेळी वाटेत इंग्लंडची बंदरं उघडी होती, जहाजांची डागडुजी तिथे झाली. १९०४ मध्ये त्सुशिमाचा ताफा निघाला तेव्हा इंग्लंड जपानच्या गोटात होतं, ती सोय उरली नव्हती. डेकवर कोळशाची पोती रचून, बुडाला शेवाळ धरलेली जहाजं थेट लढाईत उतरली. जपानी तोफांची नेमबाजी सरस होती, यात शंका नाही. पण निम्मी लढाई वाटेतच हरली गेली होती.

आजचं दुखणंही तेच आहे. ‘अ‍ॅडमिरल कुझनेत्सोव’ ही रशियाची एकुलती एक विमानवाहू नौका २०१७ मध्ये दुरुस्तीला गेली आणि तिथेच अडकली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुर्मान्स्कजवळ ती ज्या तरत्या गोदीत होती, ती गोदीच बुडाली आणि क्रेन नौकेच्या डेकवर कोसळली. ती अवाढव्य गोदी सोव्हिएत काळात स्वीडनकडून बांधून घेतलेली. तिच्या तोडीची दुसरी उत्तरेत नव्हती. पुढच्याच वर्षी नौकेला आग लागली. सेवास्तोपोलच्या सुक्या गोदीत उभी असलेली पाणबुडी सप्टेंबर २०२३ मध्ये युक्रेनच्या क्षेपणास्त्रांनी तिथेच गाठली. काळ्या समुद्रात शिरायच्या सामुद्रधुन्या तुर्कस्तानने बंद केलेल्या, त्यामुळे बदली युद्धनौका आत आणायची सोय नाही. ज्या देशाकडे मोठी युद्धनौका उरली नव्हती, त्याने काळ्या समुद्रातल्या ताफ्याला नोव्होरोसिस्कपर्यंत मागे रेटलं.

तरीही ‘आरमार संपलं’ म्हणणाऱ्यांनी एकदा सेवेरोद्विन्स्ककडे पाहावं. तिथल्या सेवमाश कारखान्यातून बोरेई आणि यासेन वर्गाच्या अणुपाणबुड्या निघत राहिल्या आहेत. एकेका बोरेईवर १६ बुलावा क्षेपणास्त्रं असतात. अ‍ॅडमिरल गोर्शकोव यांनी १९५६ पासून तीन दशकं जे आरमार उभारलं, त्याचा कणा पाणबुडीच होती आणि तो कणा शाबूत आहे. विमानवाहू नौका मोजून या आरमाराची किंमत ठरवणं म्हणजे अमेरिकेची फूटपट्टी रशियाला लावणं.

उलट बाजूने, केवळ जहाजांची संख्या मोजून रशियाला महासागरी महासत्ता म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. जहाजाला इंजिन लागतं. रशियन फ्रिगेटची गॅस टर्बाइन्स युक्रेनमधल्या मिकोलाइवहून येत. २०१४ मध्ये क्रिमिया गिळला आणि तो पुरवठा तुटला. कालिनिनग्राडच्या कारखान्यात अर्धवट सांगाडे इंजिनाविना पडून राहिले. त्यातले दोन भारताने घेतले, टर्बाइन्स युक्रेनकडून स्वतः विकत घेऊन तिथे पोहोचवली; त्यांच्याच ‘आयएनएस तुशील’ आणि ‘आयएनएस तमाल’ झाल्या.  रशियाला स्वतःची टर्बाइन्स रिबिन्स्कमध्ये नव्याने घडवावी लागली आणि त्यात त्याची कित्येक वर्षं गेली.