पोटातला बेअरर चेक

जुलाब लागले की आपल्याकडे दोन तज्ज्ञांचा सल्ला घेतात. एक घरातली आजी, दुसरा कोपऱ्यावरचा केमिस्ट. आजी भाताची पेज आणि मीठ-साखरेचे पाणी सांगते. केमिस्ट कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या हातावर ठेवतो. एकाच गोळीत नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडॅझोल. पहिले जिवाणूंसाठी, दुसरे अमिबासाठी. म्हणजे चौकशीआधीच दोन्ही संशयितांना फाशी! तिसरा मात्र मोकळाच. लहान मुलांचे कितीतरी जुलाब रोटाव्हायरससारख्या विषाणूंमुळे होतात आणि विषाणूवर ही गोळी मुळीच चालत नाही.

पण पोट तर थांबते ना, असे कोणी म्हणेल. ते बहुधा आपले आपणच थांबलेले असते. श्रेय गोळी घेऊन जाते. बिघडते ते आतड्यात. तिथे नांदणारे असंख्य निरुपद्रवी जिवाणू या माऱ्यात मरतात आणि औषधाला तोंड देण्याची युक्ती ज्यांच्याजवळ असते तेवढे तगतात. ही युक्ती पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असते आणि ते कडे परक्या जातीच्या जिवाणूलाही देता येते. माझी सारी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे मला तो बेअरर चेक वाटतो. ज्याच्या हाती पडेल त्याने वटवावा. फरक एवढाच, की इथे चेक दुसऱ्याला दिला तरी पहिल्याकडे त्याची नक्कल उरते, आणि तीही वटते. असा व्यवहार कुठल्याही बँकेला बुडवील.

ही गोष्ट जपानमध्ये उघडकीला आली. १९५० च्या दशकात तिथे एकदम चार औषधांना दाद न देणारे शिगेला हे हगवणीचे जिवाणू सापडू लागले. ही ताकद ई. कोलाय या आतड्यातल्या नेहमीच्या रहिवाशाकडून शिगेलाला मिळू शकते, हे आकिबा आणि ओचियाई यांनी १९५९ मध्ये दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या चिंताजनक जिवाणूंच्या यादीत फ्लुओरोक्विनोलोन औषधांना न जुमानणारा शिगेला आहे. आपले नॉरफ्लॉक्सासिन त्याच घराण्यातले.

आजीच्या पाण्याची परीक्षा मात्र १९७१ मध्येच झाली. बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजायला लावले. सुमारे ३० टक्के असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. साखर मिठाला आतड्याच्या भिंतीतून आत नेते, मिठापाठोपाठ पाणी जाते. एवढेच त्यातले गुपित.

केमिस्टला दोष देणे सोपे आहे. चिठ्ठीशिवाय अशी गोळी विकायला कायद्याने मनाई आहेच. पट्टीवरच्या तांबड्या रेघेचा अर्थ सांगणारी सरकारी मोहीमही २०१६ मध्ये निघाली. पण नुसती क्षारांची पुडी लिहून देणाऱ्या डॉक्टरची फी आपल्याला जड वाटते. ‘औषध काही दिलेच नाही’ म्हणत आपण दुसरा दवाखाना गाठतो. मग पहिलाही शहाणा होतो!

शौचातून रक्त पडत असेल, ताप असेल, मूल मलूल होऊन लघवी कमी झाली असेल, तर मात्र पुडीवर विसंबून घरी बसू नये. रक्ती हगवणीत प्रतिजैविक लागते, आणि नेमके तिथेच ते लागू पडेनासे झाले आहे.