नियम मोडून नव्हे, नोंद ठेवून



‘रमन राघव २.०’ (२०१६) या चित्रपटाचा दाखला देत, विकृत खुन्यापुढे कायद्याचे पुस्तक मिटावेच लागते, असे मत गेल्या अंकातील पत्रात आले आहे. दाखलाच उलटा आहे. अनुराग कश्यपच्या या चित्रपटातला नियम झुगारणारा पोलिस अधिकारी राघवन खुन्याचा बंदोबस्त करत नाही, स्वतःच खुनी होतो. खरा खुनी रमन राघव ऑगस्ट १९६८मध्ये मुंबईत सापडला, तो उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून त्याला रस्त्यात ओळखले म्हणून. बोटांच्या ठशांनी खात्री पटली. पोलिस अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या तपासात त्याने तोंड उघडले, तेही म्हणे कोंबडीचे जेवण मिळाल्यावर! यावर कोणी म्हणेल, आधी संशयावरून धरूनही त्याला पुराव्याअभावी सोडले, ही नियमांचीच किंमत. आक्षेप वजनदार आहे. पण तेव्हा मारझोड करून कबुली घेतली असती, तरी पोलिसांपुढची कबुली न्यायालय पुरावा मानत नाही. शिवाय मोकाट सुटलेला पोलिस फक्त खुन्यावरच हात उगारील, याची हमी कोण देणार? जानेवारी २०१३च्या दंगलीत आपल्याच धुळ्यात पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले, आणि तोडफोड करणारे पोलिस चित्रफितींत दिसले. त्यांतल्या काहींना पुढे अटक करावी लागली.

— एक वाचक, जळगाव