विश्लेषण : थंडीत बोटे पांढरी पडतात? रक्ततपासणी पुढचा धोका सांगू शकेल का?

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात हिवाळ्यात पहाटे दारे धरायला गेलेल्या किंवा गोठ्यात गार पाण्याने भांडी धुणाऱ्या माणसाची बोटे गारठणे नवीन नाही. पण बोटे आधी खडूसारखी पांढरी, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होत असतील, तर तो निव्वळ गारठा नसतो. या लक्षणाला ‘रेनॉ’ म्हणतात. बहुतेकांमध्ये ते निरुपद्रवी असते. काहींमध्ये मात्र ती ‘सिस्टेमिक स्क्लेरोसिस’ या दुर्मीळ आजाराची सुरुवात ठरते. यातल्या कोणत्या रुग्णाच्या रक्तवाहिन्या पुढे दगा देतील, हे रक्तातून आधीच ओळखण्याचा प्रयत्न जगभर सुरू आहे. त्यातले तालुक्यातल्या रुग्णाच्या हाती आज काय आहे?

आजार कोणता, धोका कशाला?

स्क्लेरोडर्मा या नावानेही हा आजार ओळखला जातो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते, त्वचा ताठर होते, म्हणून तो त्वचेचा आजार वाटतो. प्रत्यक्षात पहिला घाव बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर बसतो. स्त्रियांमध्ये तो कितीतरी जास्त आढळतो, तोही ऐन कामाच्या वयात. जवळपास निम्म्या रुग्णांना कधी ना कधी बोटांच्या टोकांवर न भरणाऱ्या जखमा होतात. साधारण दहातल्या एकाला फुप्फुसाच्या धमन्यांतील रक्तदाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. थोड्या रुग्णांमध्ये रक्तदाब अचानक उसळून काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. दम लागतो तो अशक्तपणामुळे, असे समजून घरोघरी बायका वर्षे काढतात, आणि नेमका तोच काळ उपचाराचा असतो.

आज रक्तातून काय कळते?

पहिली चाचणी ‘एएनए’. ती एकटी फारसे काही सांगत नाही. १:४० इतक्या कमी पातळीवर निरोगी माणसांपैकी सुमारे ३० टक्क्यांमध्येही ती पॉझिटिव्ह येते. त्यामुळे रिपोर्टवरचा ‘पॉझिटिव्ह’ शब्द पाहून घाबरण्याचे कारण नाही. खरा अर्थ पुढच्या प्रतिपिंडांत असतो. ‘अँटी-सेंट्रोमियर’ असेल तर आजार संथ चालतो, पण फुप्फुसीय रक्तदाबाचा धोका वर्षांनंतरही उरतो. ‘एससीएल-७०’ असेल तर फुप्फुस आक्रसण्याची आणि बोटांच्या जखमांची शक्यता अधिक. भारतीय रुग्णांत हा प्रकार जास्त दिसतो. ‘आरएनए पॉलिमरेज ३’ असेल तर मूत्रपिंडाकडे लक्ष. गंमत अशी, की नेहमीच्या तयार पॅनेलमध्ये ही तिसरी तपासणी अनेकदा नसतेच. डॉक्टरने वेगळी लिहून द्यावी लागते.

याला जोड लागते नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांच्या तपासणीची. कॅनडातील एका अभ्यासात रेनॉच्या ५८६ रुग्णांवर २० वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यातील १२.६ टक्के जणांना पुढे हा आजार झाला. केशवाहिन्या बिघडलेल्या आणि विशिष्ट प्रतिपिंडेही असलेल्यांत हे प्रमाण कितीतरी पट होते. दोन्ही नसतील तर ते नगण्य. म्हणजे रक्ताची बाटली आणि नखाचे टोक एकत्र पाहिले, तरच भाकीत जमते.

हृदयावरचा ताण सांगणारा ‘एनटी-प्रोबीएनपी’ हा तिसरा घटक. वय वाढले किंवा मूत्रपिंड बिघडले तरी तो वाढतो, म्हणून एका आकड्यावर निदान करायचे नसते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिटेक्ट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने त्याला पाच साध्या गोष्टींची जोड दिली : अँटी-सेंट्रोमियर, युरिक ॲसिड, ईसीजी, त्वचेवरचे लाल ठिपके आणि फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी. त्यावरून इको करायचा का आणि पुढे हृदयाची कॅथेटर तपासणी लागेल का, हे ठरते. या पद्धतीतून फुप्फुसीय रक्तदाबाचे ४ टक्के रुग्ण सुटले. तेव्हाच्या प्रचलित पद्धतीतून २९ टक्के सुटत होते.

नवे ‘मार्कर’ कुठे अडले?

एंडोथेलिन-१, एंडोस्टॅटिन, व्हीईजीएफ, सीएक्ससीएल४ अशी यादी लांबते आहे. सीएक्ससीएल४ चा फुप्फुसाच्या गुंतागुंतींशी संबंध २०१४ मध्येच दाखवला गेला. पण वेगवेगळ्या प्रयोगशाळांत आकडे जुळणे आणि एका रुग्णाबाबत निर्णय घेता येईल अशी ठरलेली मर्यादा असणे, या दोन्ही अटी अजून पूर्ण झालेल्या नाहीत. एंडोथेलिनची गोष्ट तर उलटीच झाली. चाचणी म्हणून ते रोजच्या वापरात आले नाही, पण त्याला रोखणारे बोसेंटन हे औषध आज वापरात आहे. तूर्त या नव्या तपासण्यांवर घरचे पैसे घालण्यात अर्थ नाही.

बारामती-इंदापुरात काय शक्य?

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय. ‘डिटेक्ट’मधल्या सहांपैकी युरिक ॲसिड आणि ईसीजी तालुक्यात सहज होतात, ठिपके डोळ्यांनी दिसतात, उरलेल्या दोन रक्तचाचण्यांचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतात. केशवाहिन्या पाहायला महागडे यंत्रच हवे असे नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडचा डर्मोस्कोपही पुष्कळ काही दाखवतो. अडते ते ‘डीएलसीओ’ या फुप्फुसाच्या चाचणीपाशी. साध्या स्पायरोमेट्रीत ती होत नाही. त्यासाठी आणि संधिवाततज्ज्ञासाठी बहुधा पुणेच गाठावे लागते. बारामतीहून ते सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून आणखी लांब. एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत कोणीतरी लागते, आणि दरवर्षीची तपासणी मग ‘पुढच्या वर्षी बघू’ होते.

सर्वांत मोठी चूक मात्र पुण्याला जाण्याआधीच होते. सुरुवातीला बोटे सुजतात, सांधे आखडतात. ‘वात’ समजून स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने दिली जातात आणि थोडे बरेही वाटते. या आजारात प्रेडनिसोलोनची मात्रा दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या वर गेली, तर मूत्रपिंडाच्या गुंतागुंतीचा धोका वाढतो. ‘आरएनए पॉलिमरेज ३’ असलेल्यांना तर अधिकच. अशा रुग्णासाठी सर्वांत उपयोगी ‘मार्कर’ घरातले रक्तदाबाचे यंत्र आहे. आकडा नेहमीपेक्षा अचानक चढला, डोके दुखू लागले, तर त्याच दिवशी क्रिएटिनिन पाहून ‘एसीई इनहिबिटर’ गटातले औषध सुरू करावे लागते. ही औषधे येण्यापूर्वी अशा रुग्णांपैकी बहुतेक जण वर्षभरही जगत नसत.

मिश्रीचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. ‘तंबाखू खाता का’ याला ‘नाही’ म्हणणारी बाई मिश्री लावत असते, आणि तिच्यातले निकोटिन आधीच आकसलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळते. दगडखाणीत किंवा क्रशरवर काम केलेल्या पुरुषांनीही ते डॉक्टरांना सांगायला हवे. सिलिकाच्या धुळीचा या आजाराशी असलेला संबंध १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांत नोंदवला गेला होता.