सातबारा गेला, भाडेपट्टा आला

नवी मुंबईतील गावांत जमिनीचा भाव काय, या प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. नेरूळचा, सानपाड्याचा वा उलव्याचा कोणताही दलाल तो चौरस मीटरच्या हिशेबात तोंडपाठ सांगतो. त्या जमिनीवर मूळ गावकऱ्याचा नेमका कोणता हक्क उरला आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो आणि विचारला तरी त्याचे सरळ उत्तर मिळत नाही. ठाणे-बेलापूर पट्टी, पनवेल आणि उरण या टापूतील 95 गावांची गेल्या पंचावन्न वर्षांतील कहाणी या दोन प्रश्नांमधल्या अंतरात सामावलेली आहे. भाव चढत गेला आणि हक्क उतरत गेला.

ही जमीन निसर्गाने कोणाला आयती दिलेली नव्हती. आगरी, कोळी, कराडी समाजाच्या पिढ्यांनी खाडीच्या तोंडाशी बांध घालून, खारे पाणी अडवून तिच्यावर भात पिकवले. उधाणात बांधाला खांडी पडल्या की सारा गाव चिखलात उतरत असे. एवढे करून सातबाऱ्यावर नाव बहुधा खोताचे किंवा सावकाराचे. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे 1933 साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा संप पुकारला आणि तो सुमारे सहा वर्षे चालवला. त्यामागे हीच वेदना होती. पुढे कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 पासून कसणाऱ्याला मालक होण्याचा मार्ग मोकळा झाला. खरेदी-किमतीचे हप्ते फिटतात न फिटतात तोच, 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि संपादनाच्या नोटिसा निघू लागल्या. कित्येक कुटुंबांच्या वाट्याला आलेले मालकीचे आयुष्य एवढेच. एका मुलाचे शालेय शिक्षणही त्यात पुरे होत नाही.

येथे एक गोष्ट नि:संकोचपणे मान्य केली पाहिजे. नव्या शहरामागची मूळ कल्पना हीन नव्हती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 साली ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराचा प्रस्ताव मांडला. पुढे जो आराखडा झाला त्यात सर्व जमीन सार्वजनिक मालकीत ठेवावी, तिच्या वाढत्या किमतीतून रस्ते, पाणी, शाळा यांचा खर्च भागवावा आणि सट्टेबाजांना वाव राहू नये, असे सूत्र होते. शहर वाढल्याने जमिनीला जे जादा मोल येते ते कोणा एका मालकाच्या कर्तृत्वाचे फळ नसते. ते समाजाचे असते. डाव्या चळवळीला हे तत्त्व परके नाही, किंबहुना तिचेच ते तत्त्व आहे. दोष तत्त्वात नव्हता; समाज या शब्दाच्या व्याख्येतून 95 गावे वगळली गेली, तेथे दोष होता. 1894 च्या ब्रिटिश कायद्याने शेतकऱ्याला भातजमिनीचा भाव देण्यात आला, आणि तीच जमीन भूखंड पाडून शहराच्या भावाने देण्यात आली. मधल्या फरकातून शहर उभे राहिले. म्हणजे या शहराचे सर्वांत मोठे भांडवल शेतकऱ्यांनी पुरवले. फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते आणि भागभांडवलाची पावतीही कोणी दिली नाही.

ती पावती रक्त सांडल्यावर मिळाली. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात जमीन-संपादनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील या लढ्याचे नेते होते. संपादित जमिनीचा काही हिस्सा विकसित भूखंडाच्या रूपाने शेतकऱ्याला परत द्यावा, ही मागणी या लढ्याने शासनाच्या गळी उतरवली. 1990 साली साडेबारा टक्क्यांची योजना आली. देशात इतरत्र भूसंपादनाच्या लढ्यांत आज जो ‘परताव्याचा भूखंड’ मागितला जातो, त्याचे एक मूळ या जासईच्या मातीत आहे, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये.

तथापि विजयाचा हिशेब गुंठ्यांत मांडून पाहावा. एक एकर म्हणजे 40 गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे त्यातले पाच. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात. उरतात पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे. जमीन गेली तेव्हा बाप होता, भूखंड आला तेव्हा नातू होते. साडेतीन गुंठ्यांचे चार भावांत आणि त्यांच्या मुलांत वाटे कसे करायचे? ते होत नाहीत. म्हणून भूखंड विकसकाकडे जातो आणि दोन-तीन सदनिका व काही रोकड घरात येते. अनेक ठिकाणी तर भूखंडाचे पत्र हाती येण्यापूर्वीच त्याच्या पात्रतेची ‘फाईल’ विकली गेली. भूखंड अजून कागदावरही उमटलेला नाही आणि त्याचा हक्क तीन हातांतून फिरला आहे, असा हा बाजार. वारस दाखल्याच्या वेळी बहिणींच्या नावाची एकाएकी आठवण होते, आणि हक्कसोडपत्रावर त्यांची सही झाली की तितक्याच तत्परतेने विसर पडतो. समतेच्या गोष्टी बोलणाऱ्या घरांतही हे घडले आहे.

याहून मूलभूत प्रश्न हक्काच्या जातीचा आहे. शेतकऱ्याकडून गेली ती सातबाऱ्यावरची मालकी. परत आला तो साठ वर्षांचा भाडेपट्टा. मुदत वाढवून घेण्याच्या सवलती पुढे जाहीर झाल्या, पण त्याही पैसे मोजून. पूर्वी खोताचे कूळ असलेला माणूस कायद्याने मालक झाला आणि तेरा-पंधरा वर्षांनी महामंडळाचे कूळ होण्याच्या वाटेला लागला. कूळकायद्याची चाके उलटी फिरवायला नव्या कायद्याची गरजच पडली नाही.

गावठाणात तर भाडेपट्टाही नाही. शेते गेली तेव्हा घरे तेवढी राहिली. लोकसंख्या वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही. मुलाचे लग्न झाले की भिंतीला लागून खोली, मग वर मजला, मग अंगणात चाळ. घणसोली, करावे, दिवाळे, शहाबाज, कोणत्याही गावात जा. ज्यांचे पूर्वज शहराच्या आधीपासून तेथे नांदले ते आज सरकारदप्तरी अतिक्रमणकर्ते आहेत. 2022 साली शासनाने गावठाणाच्या हद्दीपासून 250 मीटरपर्यंतची गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचा निर्णय काढला. पण ज्याला त्या घराचे कागद दाखवता येत नाहीत त्याला बँक दारात उभे करत नाही, आणि नोटीस येईल या भीतीने तो पक्के काही करायलाही धजत नाही.

अर्थात ‘गरजेपोटी’ या शब्दाआड ‘हावेपोटी’ही पुष्कळ दडले आहे. 2015 साली दिघ्यातील 99 बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडण्याची वेळ आली, तेव्हा रस्त्यावर येण्याची पाळी भूमिपुत्रांपेक्षा स्वस्त घराच्या आशेने आयुष्याची पुंजी ओतणाऱ्या कामगार कुटुंबांवर आली. गावातल्याच पुढाऱ्याने परक्या विकसकाशी हातमिळवणी करून सात मजले चढवायचे आणि कारवाई आली की प्रकल्पग्रस्ताचा झेंडा पुढे करायचा, या ढोंगाला चळवळीने पाठीशी घालता कामा नये. मात्र नियोजनकारांनी एक प्रश्न स्वत:लाही विचारावा. शहरातील रिक्षाचालक, पहारेकरी, धुणीभांडी करणाऱ्या बाया, बांधकामावरचे मजूर राहतात कोठे? त्यांतील कितीतरी जण या गावठाणांतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात. आराखड्याने गरिबांसाठी पुरेशी घरे बांधली नाहीत. ती गावांनी बांधली, वेडीवाकडी, अंधारी, हवा न येणारी, पण बांधली. जे काम सरकारचे होते ते केल्याबद्दल गावाला नोटीस आणि भाडेकरूला टांगती तलवार, हा न्याय विलक्षण आहे.

आणि ज्यांच्या नावे सातबाराच नव्हता? मिठागरांवर पायाने चिखल तुडवून मीठ पिकवणारे, दुसऱ्याच्या शेतात लावणी-कापणी करणारे, डोंगरउतारावरचे कातकरी यांच्या नावे साडेबारा टक्क्यांचा हिशेबच लागत नाही. कारण भरपाईचे सारे शास्त्र मालकीवर उभे. खाडीला सातबारा नसतो, म्हणून कोळ्याचे जाळे रिकामे आले तरी त्याची नोंद कोठे व्हायची? ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे सांडपाणी, भराव आणि पूल यांनी मासळी हटवली. वाशी खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणी बाधित मच्छीमारांना भरपाई मिळाली पाहिजे, हे 2021 साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. कारखान्यांतील कायम नोकरीने एका पिढीला आधार दिला खरा. त्यांतील अनेक कारखाने बंद झाले, त्यांच्या जागी काचेची संकुले आली, आणि गावातल्या पोराला तेथे मिळते ती कंत्राटदाराच्या हजेरीपटावरची जागा.

विमानतळाने भावाला नवे पंख दिले. त्यासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली आदी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळवले गेले. चळवळीच्या रेट्यामुळे येथे परतावा साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला, हे यश लहान नाही. टक्का वाढला, हक्काची जात तीच राहिली. विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून जून 2021 मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, 2022 साली विधिमंडळाने तसा ठराव केला, आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटनही झाले. नावाचा आग्रह योग्यच आहे. मात्र ज्या माणसाने टक्क्यांसाठी लाठ्या झेलल्या त्याच्या नावाच्या कमानीखाली त्याचीच माणसे सामान वाहणार असतील, तर कमानीच्या उंचीवर समाधान मानून चालणार नाही.

हा सारा हिशेब आता जुना म्हणून मिटवता येत नाही, कारण तोच खेळ पुढच्या गावांत मांडला गेला आहे. 2013 साली अधिसूचित झालेल्या नैना क्षेत्रात नगररचना योजनांद्वारे शेतकऱ्याने 60 टक्के जमीन सोडायची आणि 40 टक्क्यांचा भूखंड घ्यायचा, अशी रचना आहे. आकडा साडेबारापेक्षा देखणा दिसतो. पण हे ‘संपादन’ नव्हे, नियोजन आहे, असे म्हटल्याने 2013 च्या भूसंपादन कायद्यातील सामाजिक परिणामांचा अभ्यास, भूमिहीनालाही बाधित मानणारी व्याख्या, हे सारे दाराबाहेर राहते. कागद बदलून कायदा चुकवण्याची ही युक्ती कार्यकर्त्यांनी गावोगाव समजावून सांगितली पाहिजे. त्याच्याही पुढे, अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात उरण, पनवेल, पेण तालुक्यांतील 124 गावांसाठी एमएमआरडीए नव नगर विकास प्राधिकरण म्हणून नेमली गेली. शेतकऱ्यांनी हरकती नोंदवल्या आहेत. दलालांच्या मोटारी त्याआधीच पोहोचल्या होत्या.

या गावांतील शेतकऱ्याने ‘किती टक्के’ हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला प्रश्न असा की, परत येणारी जमीन मालकीची असेल की भाडेपट्ट्याची. गावठाणाची मोजणी आणि मिळकत-पत्रिका संपादनापूर्वी मिळतील की तीस वर्षांनी? भूखंडांच्या लिलावातून येणाऱ्या पैशात गावाचा कायम वाटा असेल काय? भूमिहीनांची व मच्छीमारांची यादी सातबाऱ्याच्या यादीआधी तयार होईल काय? आणि हे सारे ठरवणार कोण?

या शेवटच्या प्रश्नाचे एक उत्तर याच जिल्ह्यात देऊन झालेले आहे. महामुंबई सेझसाठी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्राची जमीन मागितली गेली, तेव्हा एन. डी. पाटील यांच्यासह अनेकांनी लढवलेल्या आंदोलनामुळे सरकारला 21 सप्टेंबर 2008 रोजी 22 गावांत शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. त्या मतदानाचा निकाल सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही, पण ते भूसंपादनही पुढे गेले नाही. 124 गावांत अशी मतपेटी ठेवण्याचे आश्वासन अद्याप कोणत्याही मंत्र्याने दिलेले नाही.